काउआईचे रातकिडे गप्प झाले त्याची गोष्ट

२००३ साल, हवाई बेटांमधलं काउआई. मार्लीन झुक आणि त्यांचे सहकारी रात्री कपाळाला हेडलॅम्प लावून गवताच्या मोकळ्या पट्ट्यात उतरले, रातकिडे शोधायला. झुक या जीवशास्त्रज्ञ १९९१ पासून हवाईतल्या रातकिड्यांवर काम करत होत्या आणि काउआईवर दर खेपेला आवाज कमी कमी होत चाललेला त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता, २००१ च्या खेपेला तर अख्ख्या मुक्कामात एकच नर ओरडताना सापडला. त्यामुळे २००३ ला जाताना अंदाज असाच होता की इथले रातकिडे आता संपले असणार. ऐकू काहीच आलं नाही, अंदाज बरोबरच वाटला. पण उजेड खाली गवतावर पडला तेव्हा दिसलं की रातकिडे भरपूर आहेत, नर आहेत, माद्या आहेत, इकडून तिकडे चाललेत, फक्त कोणीच आवाज करत नाहीये.

हे प्रकरण मला सविस्तर लिहायचं होतं कारण परिस्थितीच्या दबावामुळे प्राणी बदलतात हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो आणि ते ऐकताना असं वाटतं की दबाव आला, प्राण्याला गरज पडली, मग तो बदलला. काउआईवर काय झालं ते नीट बघितलं की कळतं, गरजेचा यात काही संबंध नाही. काय काय आधीपासून पडलेलं होतं त्यावर सगळं अवलंबून होतं.

आधी रातकिडा म्हणजे काय ते बघू, कारण त्याशिवाय गप्प होणं किती मोठी गोष्ट आहे ते लक्षात येत नाही. हा जो रातकिडा आहे, टेलिओग्रायलस ओशियानिकस, तो मूळ ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकमधल्या बेटांवरचा. ओरडतो फक्त नर. तोंडाने नाही, पंखांनी. पुढच्या दोन पंखांपैकी एकाच्या खालच्या बाजूला कानशीसारखी बारीक दात्यांची रेघ असते, दुसऱ्या पंखाची कडक धार त्या दात्यांवरून घासली जाते आणि पंखाचे जे ताणलेले पातळ भाग असतात ते थरथरून तो आवाज मोठा करतात. म्हणजे वाद्य, छडी आणि आवाज घुमवणारा भाग असं सगळं पंखातच. लांबवर ऐकू जाणारं गाणं मादीला बोलावण्यासाठी, आणि मादी जवळ आली की वेगळं, हळू आवाजातलं गाणं तिला राजी करण्यासाठी. रातकिड्यांमध्ये मादी नराच्या पाठीवर चढते तेव्हाच मिलन होतं, नराला जबरदस्ती करता येत नाही, त्यामुळे ते दुसरं गाणं तिला पटलं नाही तर ती सरळ निघून जाते. थोडक्यात नराचं सगळं आयुष्य त्या पंखांवर उभं आहे. जो गात नाही त्याला पोरं नाहीत, असा हिशोब.

आता माशी.

ऑर्मिया ऑक्रेशिया नावाची पिवळसर माशी, मूळ उत्तर अमेरिकेतली, हवाईत तिची नोंद १९८० च्या दशकाच्या शेवटी शेवटी झाली. ही रात्री उडते आणि रातकिड्याच्या गाण्याचा माग काढत येते. गाणं ऐकून माशी येते हे १९७५ मध्येच विल्यम केड यांनी अमेरिकेत दाखवलेलं, स्पीकरवर रातकिड्याचा आवाज लावला की माशा स्पीकरवर येऊन बसायच्या. मादी माशी अंडी घालत नाही, जिवंत बारीक अळ्या सोडते, नराच्या अंगावर आणि आजूबाजूला. त्या अळ्या शरीरात शिरतात, आतून स्नायू आणि चरबी खात वाढतात, साधारण आठवडा ते दहा दिवसांत बाहेर पडतात आणि मातीत जाऊन कोष करतात. रातकिडा मरतो. यातून वाचण्याचा प्रश्नच नाही.

या माशीचे कान हा वेगळाच विषय आहे पण थोडं थांबून सांगतोच. तिचे दोन्ही कान मानेच्या खाली छातीवर, एकमेकांपासून अर्धा मिलिमीटर अंतरावर. इतक्या जवळच्या दोन कानांत आवाज पोचायला जो फरक पडतो तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशोबात, जेमतेम दीड मायक्रोसेकंद. एवढ्या फरकावरून आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे कळूच नये खरं तर. पण तिचे दोन्ही कानांचे पडदे एका लवचिक पुलासारख्या तुकड्याने जोडलेले आहेत, एक पडदा हलला की दुसरा थोडा मागून वेगळा हलतो, त्यामुळे तो फरक कितीतरी पटीने वाढतो आणि ही माशी आवाजाची दिशा दोन अंशांपर्यंत अचूक पकडते. माणसाची अचूकता साधारण तेवढीच आहे, आणि आपलं डोकं केवढं तिचं शरीर केवढं. श्रवणयंत्रांसाठीचे छोटे मायक्रोफोन बनवणाऱ्यांनी या पुलावरूनच कल्पना घेतलीय.

तर काउआईवर गाणाऱ्या नराच्या मागावर असा शिकारी लागला. हवाईतल्या ज्या तीन बेटांवर झुक यांचं काम चालू होतं, काउआई, ओआहू आणि हवाईचं मोठं बेट, त्यात काउआईवर माशीचा त्रास सगळ्यात जास्त होता, सुरुवातीच्या वर्षांत पकडलेल्या नरांपैकी जवळपास ३० टक्के नरांच्या अंगात अळ्या सापडायच्या. आणि हा आकडा एका रात्रीचा आहे हे विसरू नका, म्हणजे आज ज्याच्या अंगात अळी नाही तो उद्या गायला की त्याची पाळी येऊ शकते, आयुष्यभराचा धोका त्याहून बराच मोठा.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माशीने रातकिड्यांना गप्प केलं असं आपण सहज बोलून जातो पण माशीने एकाही रातकिड्याला गप्प केलेलं नाही. सुरुवातीची काही वर्षं काय झालं? गाणारे गात राहिले आणि मरत राहिले. आवाज कमी होत गेला तो शहाणपण आल्यामुळे नाही, गाणारे उरले नाहीत म्हणून. थोडाफार सवयीतला बदल दिसला, जिथे माशी आहे तिथले नर संध्याकाळी आणि पहाटे गाणं एकदम सुरू करून एकदम थांबवायचे, उजेड-अंधाराच्या मधल्या वेळेत, जेव्हा माशी जास्त फिरते तेव्हा कमी गायचे. पण तेवढ्याने भागणारं नव्हतं.

मग कधीतरी, बहुतेक १९९० च्या दशकाच्या शेवटी, एका रातकिड्यात एका जीनमध्ये चूक झाली. किंवा चूक आधीच कुठेतरी थोड्या प्रमाणात असेल आणि आता उपयोगी पडली. या चुकीमुळे नराच्या पंखावर ते वाद्य तयारच होत नाही, दाते जवळपास गायब, घुमणारे भाग नाहीत, पंख मादीच्या पंखासारखा सपाट. असा नर जन्मभर मुका. माशी आलीच नव्हती त्या काळात असा नर जन्मला असता तर त्याची ओळ तिथेच संपली असती आणि कोणाला पत्ताही लागला नसता. काउआईवर माशीच्या काळात तो जन्मला, आणि २० पेक्षा कमी पिढ्यांमध्ये तिथले ९० टक्क्यांहून जास्त नर तसे झाले. रातकिड्यांच्या वर्षाला तीन-चार पिढ्या होतात, म्हणजे पाचेक वर्षांचा मामला. रानातल्या प्राण्यात इतका वेगवान बदल फार कमी ठिकाणी नोंदला गेलाय, झुक, जॉन रोटेनबेरी आणि रॉबिन टिंगिटेला यांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला.

वेग इतका का, याचं अर्धं उत्तर जनुकांच्या मांडणीत आहे. प्रयोगशाळेत जोड्या लावून बघितल्यावर कळलं की हा सगळा बदल एकाच ठिकाणच्या जीनचा आहे आणि ते ठिकाण एक्स क्रोमोसोमवर आहे. रातकिड्यांत मादीला दोन एक्स आणि नराला एकच एक्स, वाय वगैरे नाहीच. त्यामुळे नराला सपाट पंखाची प्रत मिळाली की ती झाकायला दुसरी प्रत नाही, गुण लगेच पंखावर दिसतो आणि निवड लगेच त्यावर काम करू शकते. मादीच्या अंगात तीच प्रत असली तरी तिचे पंख मुळातच सपाट, त्यामुळे काही फरक दिसत नाही, ती प्रत पुढे देत राहते. मुक्या बापाचा मुलगा मुका असेलच असं नाही कारण मुलाला एक्स आईकडून येतो, पण मुक्या बापाची प्रत्येक मुलगी ती प्रत घेऊन फिरते आणि मग तिच्या मुलांमध्ये ती वर येते. जर हा गुण पंधरा-वीस जीन मिळून ठरवत असते तर अर्धवट सपाट, अर्धवट गाणारे असे मधले नर तयार झाले असते, ज्यांना ना धड मादी मिळते ना धड माशी सोडते. एका फटक्यात पूर्ण मुका होणं हेच इथे कामी आलं.

आता उरलेलं अर्धं उत्तर, आणि माझ्या मते खरं प्रकरण इथे आहे. मुका नर माशीपासून वाचतो हे ठीक, पण वाचून करतो काय? नुसतं जगून उत्क्रांतीत काही होत नाही, पोरं झाली पाहिजेत. आणि आपण वरच बघितलं की मादी आवाजावरून येते, आणि आल्यावरही गाण्यावरून ठरवते. मग या मुक्यांना माद्या मिळाल्या कशा?

पहिली गोष्ट, नरांची एक जुनी सवय. रातकिड्यांमध्ये काही नर स्वतः न गाता गाणाऱ्या नराच्या आसपास दबा धरून बसतात आणि त्याच्याकडे निघालेली मादी वाटेतच गाठतात. ही सवय माशी यायच्या आधीपासूनची आहे, मुक्या पंखांसाठी बनलेली नाही. झुक यांच्या गटाने काउआईवर प्रयोग केला, एका जागेवरचे रातकिडे उचलून बाजूला केले, मध्ये स्पीकर ठेवून गाणं लावलं आणि मग कोण कुठे येऊन बसतं ते मोजलं. मुके नर आवाजाकडे ओढले जात होते, आणि काउआईचे नर बाकीच्या बेटांवरच्या नरांपेक्षा स्पीकरच्या जास्त जवळ येऊन बसत होते. जे थोडे गाणारे शिल्लक होते त्यांच्या भोवती हे सगळे गोळा व्हायचे, गाणारा धोका पत्करणार आणि हे त्याच्या भोवती मादीची वाट बघणार. मला त्या उरलेल्या गाणाऱ्या नरांबद्दल वाईट वाटतं खरं, मादी त्याच्याच गाण्यावर येणार पण पोचेल दुसऱ्याकडे आणि माशी मात्र बरोबर त्याच्याकडे.

दुसरी गोष्ट माद्यांची. आता हे वाचताना मला खरंच आनंद झालेला, कारण इथे उत्तर पार भूतकाळात सापडतं. टिंगिटेला आणि झुक यांनी ऑस्ट्रेलियातल्या माद्या, पॅसिफिक बेटांवरच्या माद्या आणि हवाईतल्या माद्या अशी तुलना केली, नर न गाता आला तर मादी त्याला स्वीकारते का. ऑस्ट्रेलियातल्या माद्या चोखंदळ निघाल्या, बेटांवरच्या माद्या गाण्याशिवायही बऱ्याचदा तयार व्हायच्या. आणि हे फक्त काउआईवर नाही, जिथे माशी कधी पोचलीच नाही अशा बेटांवरही. त्यातून जे चित्र उभं राहतं ते असं की रातकिडे बेटाबेटाने पसरत गेले तेव्हा नव्या बेटावर पहिल्यांदा अगदी मोजके जीव पोचले असणार, तिथे जी मादी फार निवड करत बसली ती बिनपोरांची गेली, जी जुळवून घेणारी होती तिची पोरं राहिली. म्हणजे माशी यायच्या कितीतरी आधी, अगदी वेगळ्या कारणाने, माद्यांचा चोखंदळपणा सैल झालेला होता. तो सैलपणा तसाच पडून होता आणि मुक्या नरांना तो सापडला.

तिसरी गोष्ट ताबडतोबीची. नॅथन बेली आणि झुक यांनी माद्या लहानपणापासून दोन प्रकारे वाढवल्या, काहींना गाण्याच्या गजबजाटात आणि काहींना पूर्ण शांततेत. शांततेत वाढलेल्या माद्या मोठेपणी गाणं कानावर पडलं की लवकर प्रतिसाद द्यायच्या आणि कोणतं गाणं चांगलं कोणतं वाईट याची फारशी पर्वा करायच्या नाहीत. विचार केला तर बरोबरच आहे, वाढताना काही ऐकूच आलं नाही तर आसपास नर कमी आहेत असाच अर्थ लागतो. यात जीन बदलावा लागत नाही, त्याच मादीचं वागणं वातावरणाप्रमाणे वळतं. त्यामुळे मुके नर जसजसे वाढले तसतसं बेट शांत झालं, बेट शांत झालं म्हणून माद्या कमी चोखंदळ झाल्या, माद्या कमी चोखंदळ झाल्या म्हणून मुक्यांचं आणखी फावलं. हे चक्र एकदा फिरायला लागल्यावर पाच वर्षांत काम होणं मग तितकंसं अशक्य वाटत नाही.

आता एक शंका साहजिक आहे, हा सगळा नशिबाचा खेळ तर नव्हता? एकदाच घडलेल्या गोष्टीवरून किती बोलायचं? इथे ओआहू मदतीला येतं. काउआईनंतर काही वर्षांतच ओआहूवरही सपाट पंखाचे मुके नर सापडले, तिथे साधारण निम्मे. सगळ्यांना पहिल्यांदा हेच वाटलं की काउआईवरून कुठल्या तरी सामानाबरोबर आले असतील, दोन्ही बेटांमध्ये ये-जा आहेच. पण २०१४ मध्ये बेली यांच्या स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या गटाने, सोनिया पास्कोआल यांनी, दोन्हीकडचे पंख आणि डीएनए शेजारी ठेवून बघितले तर बदल वेगळे निघाले. काउआईच्या नराचा पंख जवळजवळ पूर्ण मादीसारखा, ओआहूच्या नराच्या पंखावर जुन्या वाद्याच्या खुणा बऱ्यापैकी शिल्लक. डीएनएवरच्या खुणाही जुळत नव्हत्या. म्हणजे दोन बेटांवर दोन स्वतंत्र चुका झाल्या, दोन्ही एक्स क्रोमोसोमवर, आणि दोन्ही त्याच माशीमुळे वर आल्या. नवा गुण कुठे कधी उगवेल यात योगायोग आहेच, पण उगवल्यावर तो टिकतो की बुडतो ते माशी ठरवत होती, हे ओआहूमुळे पक्कं झालं. तिसऱ्या, मोठ्या बेटावर मात्र नर बराच काळ गातच राहिले, तिथे माशीचा त्रास काउआईपेक्षा कमी होता.

फुकट काही मिळालेलं नाही हेही लिहिलं पाहिजे. सपाट पंखाचा जीन फक्त पंखापुरता थांबत नाही, या नरांच्या अंगावरचा जो मेणासारखा थर असतो, ज्याच्या वासावरून रातकिडे एकमेकांना ओळखतात, तोसुद्धा मादीच्या बाजूला झुकलेला सापडला. आणि सगळे मुके झाले तर दबा धरून बसायला गाणाराच उरणार नाही, मग माद्या शोधायला नुसतं फिरावं लागतं.

पण मला सगळ्यात चटका लावून गेलेली गोष्ट २०१८ ची. बेली यांच्याच गटाने मुक्या नरांना नीट निरखलं तर ते अजून गात होते. म्हणजे आवाज नाही, पण संध्याकाळ झाली की नर पंख वर उचलतो, एकमेकांवर त्याच तालात घासतो, थांबतो, पुन्हा घासतो, सगळं बरहुकूम. पंखावर दाते नाहीत त्यामुळे काहीच ऐकू येत नाही. वाद्य गेलं, वाजवणारे स्नायू आणि ते चालवणारी मज्जासंस्था जशीच्या तशी आहे. त्यात ताकद खर्च होते, फायदा शून्य. निवडीने फक्त तेवढंच काढलं जे माशीला ऐकू जात होतं, हालचाल माशीला दिसत नाही म्हणून हालचालीला हातच लागला नाही.

आणि या वाया जाणाऱ्या हालचालीचं महत्त्व पुढे कळलं. नर पंख हलवतोच आहे म्हटल्यावर पंखाच्या आकारात पुढे कुठलाही बारीक बदल झाला आणि त्यातून थोडा जरी वेगळा आवाज निघाला तर तो त्याच रात्री वापरात येतो, नव्याने काही शिकायची गरज नाही. टिंगिटेला यांना हवाईतल्याच मोलोकाई बेटावर असे नर सापडले, २०१८ मध्येच त्यांनी ते जाहीर केलं. पंख बदललेला, पण पूर्ण मुका नाही, आवाज एकदम हळू, पसरट म्हणजे एका सुराऐवजी अनेक सुरांत विखुरलेला, मांजर घुरघुरल्यासारखा. जवळच्या मादीला तो ऐकू जातो आणि ती त्या दिशेने येते, माशीला मात्र सुरुवातीच्या चाचण्यांत त्याचा पत्ता लागत नव्हता. इतर बेटांवर आकसलेले, वळलेले असे आणखीही पंखांचे प्रकार नोंदले गेलेत, दर वेळी वेगळ्या वाटेने आवाज बंद किंवा बारीक.

हे सगळं रातकिड्यांच्या बाजूने झालं. माशीच्या बाजूनेही तोच हिशोब लागू आहे, जिला गाणारा नर सापडत नाही तिच्या अळ्या उपाशी जाणार, ज्या माशीचे कान थोडे वेगळे त्याच पुढे उरणार. आता संशोधकांचं लक्ष तिकडे वळलंय, हवाईतल्या माशा पकडून त्यांचे कान मूळच्या माशांच्या कानांशी ताडून बघितले जाताहेत, आणि हवाईतल्या माशा जास्त पसरट आवाजांनाही दाद द्यायला लागल्यात अशी चिन्हं दिसलीत. ज्या माशा स्पीकरवरच्या जुन्या गाण्यावर झडप घालायच्या, त्यांच्यासमोर आता तिथे घुरघुर लावून ठेवलेली असते आणि कोण किती जवळ येतं ते मोजलं जातं.